टाकीचं झाकण

मळणीयंत्राच्या इंजिनाचा डिझेल पंप सलग दुसऱ्या हंगामात झिजून बसला. शकुनबाईने तुमसरहून नवा आणला आणि मिस्त्रीची वाट न बघता, खुणेला खूण जुळवून स्वतःच बसवला. पहिल्याच हँडलला इंजिन धडधडलं.

“जुना पंपच डुप्लिकेट होता,” म्हणत तिच्या नवऱ्याने, भैय्याजीने, सवयीने धानाच्या तणसाचा बोळा वळला आणि झाकण हरवलेल्या डिझेलच्या टाकीच्या तोंडात कोंबला.

शकुनबाईने तो उपसून त्याच्या नाकासमोर झटकला. भसकन धूळ उडाली.

“दोन पंप याच धुळीनं खाल्ले जी!”

तिने त्याच्या तंबाखूच्या डब्याचं झाकण काढलं आणि टाकीवर दाबलं. घट्ट बसलं.

“आन् माही तंबाखू?”

“तिले ठेवा आता तणसात गुंडाळून!”