आतली बातमी

२००२ सालच्या ऑक्टोबरपर्यंत त्या कॉलेजच्या फुटबॉल टीमकडे धड पळू शकणारा एकच रिसीव्हर उरला होता, आणि त्याचाही डावा गुडघा दुखावलेला होता. ही गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नव्हती. माहीत असलेल्या मोजक्या माणसांत गिरिजा होती.

गिरिजा पुण्यात फिजिओथेरपी शिकून अमेरिकेत ॲन आर्बरला पीएच.डी. करायला आली होती. तिथून गाडीने पाऊण तासावर एक छोटं कॉलेज होतं. त्याच्या फुटबॉल टीमबरोबर आठवड्यातले काही दिवस काम करायचं, मुलांच्या दुखापती बघायच्या, व्यायाम करून घ्यायचे, अशी तिची असिस्टंटशिप होती. आली तेव्हा तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आपल्या माहितीतला फुटबॉल तर पायाने खेळतात, इथे सगळं हातानेच चाललेलं. हळूहळू तिला उमगलं की लांबवर फेकलेला बॉल जिवाच्या आकांताने पळत जाऊन झेलायचा, हे रिसीव्हरचं काम. त्यासाठी तीन-चार तरी चांगली पोरं लागतात. त्या वर्षी एकाचं खांद्याजवळचं हाड मोडलं, दुसऱ्याच्या मांडीचा स्नायू फाटला, तिसरा परीक्षेत नापास झाल्यामुळे बाहेर बसला. राहिला वेस्ली, आणि त्याच्या जोडीला पहिल्या वर्षाची दोन नवखी मुलं.

वेस्ली शांत मुलगा होता. त्याची आई गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करायची. घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. गुडघ्यातली कूर्चा थोडी फाटली आहे हे त्याला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पट्टी बांधून खेळता येईल, सीझन संपला की छोटं ऑपरेशन करू. वेस्लीने विचार करून खेळायचं ठरवलं. फक्त बाहेर कुठे बोलू नका, एवढं त्याने सगळ्यांना सांगितलं. समोरच्या टीमला कळलं तर ते नेमके त्याच पायावर येतील.

एका मंगळवारी गिरिजा बर्फाच्या पिशव्या आणायला तळघराकडे निघाली, तर जिन्यावर वेस्ली दिसला. कठडा धरून तो उलटा, पाठमोरा उतरत होता. तसं उतरलं की गुडघा कमी दुखतो, हे तिला कळत होतं. तिला पाहून तो ओशाळला.

"मार्गारेटला नको सांगूस," तो म्हणाला. "ती मला बसवून ठेवेल."

मार्गारेट म्हणजे मुख्य ट्रेनर, गिरिजाची वरिष्ठ. गिरिजाने त्याला टेबलावर बसवलं, गुडघा नीट तपासला. सूज वाढलेली नव्हती. शुक्रवारी पुन्हा बघेन आणि वाढली असेल तर मात्र सांगेन, असं तिने त्याला बजावलं. तो कबूल झाला.

त्या संध्याकाळी घरी भाजी चिरताना तिने हे प्रथमेशला सांगितलं. ती त्याला सगळंच सांगायची. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. नॉर्थ कॅम्पसवरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभराचं बोलायला तिला दुसरं होतं कोण? प्रथमेश नागपूरचा. त्याचं कॉम्प्युटरमधलं मास्टर्स कधीच संपायला हवं होतं, पण डॉटकॉम कंपन्या बुडाल्यापासून नोकऱ्याच नव्हत्या. पदवी घेतली की व्हिसाचा प्रश्न उभा राहणार, म्हणून तो थिसिस लांबवत होता. त्याच्या बरोबरची मुलं त्याआधीच नोकऱ्या धरून एकेक करून दूरच्या शहरांत, कुठे प्लेनोला, कुठे हर्नडनला जाऊन पोचली होती. हा दिवसभर घरात असायचा.

पहिल्या वर्षी गिरिजाला मिळालेल्या पासवर तो मॅच बघायला आला आणि त्या खेळाच्या प्रेमातच पडला. शनिवारी तोच तिला गाडीने कॉलेजला सोडायचा, मॅच बघायचा आणि परत आणायचा. बारीकसारीक नियम त्यानेच तिला शिकवले. मॅचनंतर मुलांशी हात मिळवायचा. वेस्ली तर त्यांच्या घरी येऊन वरणभात जेवून गेला होता. प्रथमेश इंटरनेटवर त्या टीमच्या चाहत्यांच्या एका फोरमवर जातो, हेही तिला माहीत होतं. त्याला तेवढाच विरंगुळा, असं तिला वाटायचं.

"उलटा उतरतो?" प्रथमेशने विचारलं. "मग शनिवारी खेळणार कसा?"

"पळताना त्रास नाही होत. डावीकडे झटकन वळताना होतो. आणि हे कुठे बोलू नकोस हं."

"वेडी आहेस का, यार," तो म्हणाला.

शुक्रवारी सूज उतरली होती. शनिवारी दुपारी स्टेडियम भरलं. समोरची टीम शेजारच्याच जिल्ह्यातली, त्यांचे विद्यार्थी बस भरभरून आले होते. वेस्ली वॉर्मअपला मैदानात उतरला तसा त्यांच्या बाजूने एकसुरात ओरडा सुरू झाला. गिरिजाला आधी शब्द कळेनात. मग कळले. ते "लेफ्ट नी, लेफ्ट नी" म्हणत होते, डावा गुडघा, डावा गुडघा. मार्गारेटने वळून तिच्याकडे पाहिलं. यांना कसं कळलं, हे दोघींनाही समजेना. प्रॅक्टिसला कुणीतरी लपून बघून गेलं असेल, असं मार्गारेट पुटपुटली.

कोचने वेस्लीला बाजूला घेऊन विचारलं, खेळायचं ना? तो म्हणाला, खेळतो. त्याच्याशिवाय होतंच कोण?

समोरची मुलं पहिल्यापासून त्याला डावीकडे वळायला भाग पाडत होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने एक उंच बॉल झेलला, पाय जमिनीला लागले, आणि त्याच क्षणी एकाने खालून, नेमक्या त्याच गुडघ्यावर झेप घेतली. नियमाबाहेरचं त्यात काही नव्हतं. वेस्ली पडला आणि उठला नाही. गिरिजा धावत पोचली तेव्हा तो गवत मुठीत धरून पडला होता. गुडघ्यातून आवाज आला, मी ऐकला, एवढंच तो परत परत सांगत होता.

आतल्या खोलीत डॉक्टरांनी गुडघा दोन्ही हातांत धरून हलवून पाहिला आणि मान हलवली. लिगामेंट तुटलं होतं. मोठं ऑपरेशन लागणार होतं. सीझन गेलाच होता, पण डॉक्टरांना शंका होती की हा मुलगा पुन्हा खेळेल की नाही. खोलीत तेव्हा डॉक्टर, मार्गारेट, गिरिजा आणि वेस्ली एवढेच होते. आई रात्रपाळीला निघाली असेल, तिला आत्ता फोनवर सांगायचं नाही, अशी विनवणी वेस्लीने केली. सकाळी ती कामावरून घरी येईल तेव्हा तो स्वतः जाऊन समोर बसून सांगणार होता. सगळ्यांनी मान्य केलं.

परतीच्या वाटेवर गिरिजा गाडीत रडली. प्रथमेशने गाडी एका पेट्रोल पंपाशी थांबवली, तिच्यासाठी कॉफी आणली, पाठीवरून हात फिरवला. काय झालं ते हळूहळू विचारलं. तिने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, वेस्ली काय म्हणाला, तो आईला सकाळी सांगणार आहे हेसुद्धा. तो ऐकत राहिला. हा माणूस नसता तर आपण या देशात कशा राहिलो असतो, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मार्गारेटचा फोन आला. ताबडतोब ये, म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. प्रथमेश अजून झोपला होता, म्हणून गिरिजा स्वतःच गाडी चालवत गेली.

मार्गारेटने तिला खुर्ची दिली, कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तो चाहत्यांचा फोरम होता. 'डॉक' नावाच्या कुणीतरी शनिवारी संध्याकाळी लिहिलं होतं, की वेस्लीचं लिगामेंट तुटलंय, मोठं ऑपरेशन, कदाचित करिअर संपलं. खाली लोकांनी डॉकचे आभार मानले होते. त्याच्याही खाली त्याच डॉकने बुधवारी लिहिलेलं दिसत होतं. रिसीव्हर कमी आहेत आणि जो एक आहे त्याचा डावा गुडघा वाईट आहे. आतली बातमी. तो जिनासुद्धा उलटा उतरतो.

"वेस्लीच्या आईला तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईने कारखान्यात सांगितलं," मार्गारेट म्हणाली. "त्या बाईच्या मुलाने हे वाचलं होतं. वेस्ली घरी पोचायच्या आत तिला सगळं कळलेलं होतं. आणि जिन्याचं मला माहीतच नव्हतं, गिरिजा. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ते फक्त तू पाहिलंस."

गिरिजाने बुधवारचा तो मजकूर पुन्हा वाचला. डावीकडे झटकन वळताना त्रास होतो, हेही तिथे होतं. भाजी चिरताना वापरलेले तिचेच शब्द, इंग्रजीत केलेले.

"मी घरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "नवऱ्याला."

मार्गारेटने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. मग म्हणाली, की गिरिजा चांगलं काम करते, पण या खोलीत मुलं जे बोलतात ते भिंतीबाहेर जाणार असेल तर उद्यापासून कुणी तिच्यापुढे पाय ठेवणार नाही. इथे ती आता राहू शकत नव्हती. विद्यापीठाच्या लॅबमध्ये तिची सोय होईल असं मी बघते, म्हणाली. गिरिजाने वाद घातला नाही.

ती घरी आली तेव्हा प्रथमेश पोहे करत होता. कुठे गेली होतीस, इतक्या सकाळी, त्याने विचारलं.

"डॉक तू आहेस?"

त्याने गॅस बंद केला. आधी म्हणाला, कोण डॉक? मग तिच्या चेहऱ्याकडे बघून खुर्चीत बसला. म्हणाला, मी तुझं नाव कुठेही घातलेलं नाही. लोक नुसते तर्क करत होते, चुकीचं काहीबाही लिहीत होते. इतक्या लहान टीमच्या फोरमवर समोरचे लोक येऊन वाचत असतील, हे डोक्यातच आलं नाही. आणि तसंही तो कधी ना कधी पडलाच असता.

"बुधवारचं तुझ्या डोक्यात आलं नाही, मानलं," गिरिजा म्हणाली. "पण काल? काल मी गाडीत रडत होते, तू माझ्यासाठी कॉफी आणलीस. घरी पोचल्यावर मी तोंड धुवायला आत गेले आणि तू कॉम्प्युटर लावलास. तो आईला सांगणार होता हे माहीत असून."

प्रथमेश टेबलाकडे बघत होता. "दीड वर्षात मला एका इंटरव्ह्यूला कुणी बोलावलं नाही," तो म्हणाला. "तिथे लोक माझी वाट बघतात, गिरिजा. डॉक काय म्हणतो, विचारतात."

तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून राग जास्तच आला. तुला विचारायला मी होते, ते तुला पुरलं नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पिशवीत चार कपडे आणि पुस्तकं भरून ती शोभना मावशींकडे गेली.

शोभना मावशी ॲन आर्बरमधल्या जुन्या डॉक्टर, आता रिटायर झालेल्या. त्यांच्या तळघरातली खोली रिकामी असायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. समजूत घातली नाही आणि प्रथमेशला दोषही दिला नाही. मी पेशंटचं कधी घरी बोलले नाही, त्यामुळे घरात मी घुमी म्हणून नाव पडलं, एवढंच त्या म्हणाल्या आणि गरम आमटी वाढली. गिरिजाला ते लागलं. चूक प्रथमेशची होती, पण पहिलं दार तिने उघडलं होतं. हे दोन्ही तिला एकाच वेळी सहन करावं लागत होतं.

वेस्लीचं ऑपरेशन झाल्यावर ती त्याला भेटायला गेली. त्याची आई दारातच भेटली. सडपातळ, थकलेली बाई. गिरिजा कोण हे कळल्यावर ती नुसती बाजूला झाली. गिरिजाने वेस्लीला काही न लपवता सांगितलं.

तो पायाला लावलेल्या पट्ट्यांकडे बघत होता. "शनिवारी मॅचच्या आधी प्रथमेशने हात मिळवून मला विचारलं होतं, गुडघा कसा आहे," तो म्हणाला. "मी म्हटलं, मस्त. मला वाटलं, त्याला काही माहीत नाही."

ही भेट तिला माहीत नव्हती. बुधवारी ते लिहून झाल्यावर, शनिवारी त्याच मुलाचा हात हातात घेऊन.

"तुझ्यावर मी चिडलो नाही, असं नाही," वेस्ली म्हणाला. "पण तू येऊन सांगितलंस. आता जा, प्लीज."

ती गेली. वेस्ली पुन्हा कधी खेळला नाही. त्याने अभ्यास पुरा केला आणि शाळेत शिक्षक झाला, हे तिला पुढे मार्गारेटकडून कळलं.

त्या हिवाळ्यात प्रथमेश बरेचदा शोभना मावशींकडे आला. फोरम सोडला, सगळं पुसून टाकलं, असं त्याने सांगितलं. तिने विश्वास ठेवला, कारण त्याचं तोंड खरोखर उतरलेलं होतं. दोघं किराणा आणायला एकत्र जात, बर्फातून गाडी काढायला एकमेकांना मदत करत. तो लॅबचं विचारायचा. ती म्हणायची, ठीक चाललंय. एरवी ती तासभर बोलली असती. आता मनात आलेलं प्रत्येक वाक्य ती आधी तपासून बघायची, की हे कुठवर जाईल, आणि तपासून झालं की बोलायची इच्छाच उरायची नाही. त्यालाही ते कळत होतं.

मार्चमध्ये त्याला हर्नडनच्या एका कंपनीत नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला. तिकडे चांगलं अपार्टमेंट बघतो, तू थिसिस तिथून लिही, नव्याने सुरुवात करू, म्हणाला. ती मनापासून म्हणाली, अभिनंदन. त्याच्यासाठी तिला खरंच बरं वाटलं.

"पण मी येणार नाही," ती म्हणाली.

"अजून रागावली आहेस?"

"नाही. राग गेला." तिने पेढ्याचा बॉक्स बंद केला. "मला तुला काही सांगावंसंच वाटत नाही, प्रथमेश. नवरा-बायकोत मग राहतं काय?"

पुढच्या शनिवारी तिने त्याला सामान गाडीत चढवायला मदत केली. कॉम्प्युटर त्याने शेजारच्या, ती बसायची त्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट लावून, आणि ओहायोमार्गे हर्नडनच्या रस्त्याला लागला.