माझ्या पोटातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, लांब मानेची विजेची किटली आहे. मला घड्याळकाकांनी निवडले. ते घड्याळे दुरुस्त करायचे, म्हणून सारी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. कॉफीसाठी किटली हवी म्हणून त्यांनी दुकानात एकेकीतून पाणी ओतून पाहिले. कुणाची धार जाड, कुणाची तुटक. माझी मात्र दोऱ्यासारखी पडली आणि स्वारी खूश झाली.

"उकळल्यावर आपोआप बंद होते ना?" काकूंनी विचारले. दुकानदार "हो" म्हणाला, तेव्हा कुठे त्यांनी मला घरात येऊ दिले.

पण काकांच्या हाताला चैन पडेल तर शपथ! थोडे पाणी ओतून मला परत ठेवायचे, तोवर पाणी निवायचे आणि बटण पुन्हा दाबावे लागायचे. एके दिवशी त्यांनी मला उलटी केली, तळाचे स्क्रू काढले आणि वाफ लागताच वीज तोडणारी माझी पट्टी काढून टाकली.

"अहो, हे काय केलंत?"

"काही होत नाही. मी समोर उभा असतोच की."

कित्येक वर्षे ते खरेच उभे असत. पाहुणे कॉफीची वाहवा करत आणि मी माझी वाकडी मान ताठ करून ऐकत असे.

हल्ली काका विसरतात. चष्मा डोळ्यांवर असतो आणि घरभर शोधतात. परवा मला लावून ते मुलीला फोन करत बसले. पाणी पार आटले. जळका वास आला तशा काकू धावल्या.

"मी घरात नसते तर?" त्यांनी विचारले. काकूंनी मला कपाटावर ठेवून दिले.

आज काकू बहिणीकडे गेल्या आहेत. काकांनी स्टुलावर चढून मला काढले, कपभर पाणी घातले, बटण दाबले आणि बाहेरच्या खोलीत जरा टेकले. आता त्यांचे घोरणे ऐकू येते आहे. पाणी संपले आहे. मागचा पडदा माझ्या अंगाला टेकला आहे. कुकरला निदान शिट्टी असते, मला तीही नाही. मला फार भीती वाटते.

मित्रांनो, वस्तू जपा असे सगळेच सांगतात. माझे काय, मी भंगारात जाईन. पण तुमच्या घरात असे विसरभोळे कुणी असेल, तर त्याला माझ्या भरवशावर सोडून जाऊ नका.

पडद्याची कड तपकिरी होते आहे. काका, उठा हो.