मशीनवरचं काळीज

काळीज. शब्द एक, अवयव दोन. बोकड कापला की काळीज म्हणजे यकृत. माणूस गेला की काळीज म्हणजे हृदय. हा घोळ सांगलीच्या त्या प्रयोगशाळेत कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. दारात हरणाबाई येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आला.

सोबत नवरा, कोंडीबा. वडूजकडचं मेंढरं राखणारं जोडपं. त्यांचा मुलगा बिरदेव मोटारसायकलवरून पडला, मेंदू मेला, आणि दोघांनी त्याचे अवयव दिले. मूत्रपिंडं माणसांना लागली. यकृतावर चरबी फार; ते कुणाला बसवता येईना, म्हणून संशोधनासाठी मागितलं. त्यालाही दोघं हो म्हणाली. परवा माती झाली. मग इस्पितळातून विचारपूस करणाऱ्यानं फोनवर सोपं करून सांगितलं, काळीज सांगलीत मशीनवर चालू आहे.

चालू आहे.

दोघं सुतकातच एसटीत बसली.

"आत यावं का न्हाई, बाय? सुतक हाय आमास्नी."

"या मावशी, इथं कोण बघतंय," शिवांजली म्हणाली. ती इथली संशोधक, कोरेगावची, फौजी घरातली. आजवर तिनं इथं डुकरांची यकृतं धुतली होती. माणसाचं हे पहिलंच, आणि त्यासाठी तिनं फार वाट बघितली होती.

ते काचेच्या भांड्यात होतं. दोन नळ्या त्यात शिरलेल्या. शेजारी पंपाचा रूळ फिरे तसा आवाज होई. ठप. ठप. ठप.

हरणाबाईंनी पदर मागं सारला आणि काचेला कान लावला.

"आवं, ऐका की. वाजतंय."

कोंडीबा वाकले. "व्हय. दमानं वाजतंय. त्येचं चालणं बी तसंच हुतं, दमानं."

"चालणं दमानं. गाडी तेवढी हाणायचा," हरणाबाई म्हणाल्या आणि हसल्या. कान तिथंच होता.

शिवांजली म्हणाली, होय मावशी, तोच आहे.

नाही. असं ती म्हणाली नाही. ओठांपर्यंत आलं होतं. म्हटलं असतं तर दोघं निवांत मनानं गावी गेली असती, यकृत राहिलं असतं, काम पुढं चाललं असतं. आणि खरं सांगितलं तर कोंडीबा म्हणणार, द्या परत, मातीला देतो. तसं म्हणायचा त्यांना हक्क होता. दुसरं यकृत कधी मिळेल याचा काही नेम नव्हता.

तिनं पंप बंद केला.

आवाज थांबला. हरणाबाईंनी कान काढला नाही.

"मावशी, आवाज मशीनचा होता. हे हृदय नाही. बोकडाचं काळीज असतं ना, ते आहे हे."

मग कोंडीबांनी स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "हितलं?"

"होय."

"मग असं पांढरं का पडाय लागलंय?"

"धुतेय मी ते. शिरांतून साबणासारखं पाणी सोडते. आतल्या पेशी विरघळून जातात, नुसती जाळी उरते. आकार तोच, शिरांच्या वाटा त्याच. त्या जाळीत दुसऱ्याच्या पेशी वाढवून बघायच्या. जमलं तर कधीतरी आजारी माणसाला त्याच्याच पेशींचं नवं काळीज देता येईल." ती थांबली. "अजून कुणाला दिलेलं नाही, काका. माझ्या हयातीत जमेल असंही सांगत नाही."

हरणाबाई सरळ उभ्या राहिल्या. काचेवर कानाचा ठसा उमटला होता.

"मग ह्यात बिरदेव किती राहतोय?"

उत्तर शिवांजलीला पाठ होतं. अवयव देणाऱ्याच्या आईला मात्र ते तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"काहीच राहू द्यायचा नसतो, मावशी. राहिला तर दुसऱ्याच्या अंगाला सोसत नाही."

"मग जातोय कुठं?"

शिवांजलीची नजर टेबलाखालच्या कॅनकडं गेली. तिला तसं करायचं नव्हतं, पण गेली. भांड्यातून निघालेली तिसरी नळी तिथं उतरत होती. कॅनमध्ये फिकट गुलाबी, फेसाळ पाणी.

कोंडीबा उकिडवे बसले. हात लावला नाही, नुसतं बघत राहिले.

"ह्यात हाय व्हय."

"तसं म्हटलं तर... हो."

"मग जाळी ऱ्हाऊ द्या तुमास्नी. तुमच्या कामाची हाय. आमचा आमास्नी द्या."

"काका, त्यात रसायन आहे, जंतूही असू शकतात. असं बाहेर देत नाहीत. आम्ही त्यात औषध घालतो आणि गटारात—"



"गटारात?" हरणाबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. न ऐकलेल्या गावाचं नाव पुन्हा विचारावं, तसं विचारलं.

शिवांजलीनं आधी पंप चालू केला. मग विभागप्रमुखांना, वीरधवल सरांना फोन लावला.

"सर, यकृत आपल्याकडं राहतंय. पण पाणी द्यावं लागेल."

"कसलं पाणी?"

नियमात त्याला नाव होतं. सांडपाणी. दोघं हातभर अंतरावर होती. शिवांजलीनं तोंड उघडलं, मिटलं.

"बिरदेवचं," ती म्हणाली.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वाफेत निर्जंतुक करते, सर. थोडंच देते, आणि मातीत कुठं ओतायचं, विहिरीपासून किती लांब, ते समजावून सांगते. परवानगीसाठी समितीशी तुम्ही बोला."

"लोक हसतील आपल्याला, शिवांजली."

"हसू देत."

सर म्हणाले, "बोलतो. परवानगी येईपर्यंत देऊ नकोस. आणि दिलंस तर प्लास्टिकच्या बाटलीत नको."

तिनं फोन ठेवला. कोंडीबा अजून कॅनपाशीच होते.

"लय येळ लागंल का?" हरणाबाईंनी विचारलं.

"लागेल, मावशी. आज होईल असंही सांगवत नाही."

"थांबतो आमी," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याशेजारी फरशीवर बसल्या.