कुणी न बसलेली खुर्ची

एकोणीसशे त्रेसष्ट साल. थोरली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, धाकटी एकवीसची, आणि दोघी एकाच खोलीत, एकाच पलंगावर, एकमेकींच्या पायांकडे डोकं करून झोपत. वडील नव्हते. आई पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर असे. तिच्याशी बोलायचं तर यंत्र थांबेपर्यंत वाट बघावी लागे.

त्या घरात एक नियम होता. तो कुणी केला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं: थोरलीचं झालं की धाकटीचं. फ्रॉक, दप्तर, छत्री, केसांचा चाप, सगळं पाच वर्षांनी एकीकडून दुसरीकडे जाई. थोरलीला यात आपलं नुकसान दिसे. आपली म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू शेवटी धाकटीच्या अंगावर दिसते. धाकटीला यात काय दिसत असेल, हा विचार थोरलीच्या मनाला कधी शिवला नव्हता.

दोघी एकाच नाटक कंपनीत होत्या. कंपनी गाण्यांची नाटकं करायची. तालमीची खोली जोड्यांच्या दुकानाच्या वर होती. तिथल्या पियानोचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली खालच्या दुकानातून आणलेला बुटाचा तळवा सरकवलेला होता. थोरली तो पियानो वाजवायची. धाकटी घोळक्यात गायची, तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी.

कंपनीचे सर्वेसर्वा म्हणजे मास्तर. नाटक ते लिहीत, चाली ते लावत आणि पडदा अडकला तर शिडीवरही तेच चढत. त्यांचा एक हट्ट होता. नायिकेने पहिल्या पंधरा मिनिटांत एकटीने पुढे येऊन आपल्याला काय हवंय ते गाऊन सांगायचं. ते त्याला ‘हवंयचं गाणं’ म्हणत. “हिला काय हवंय तेच कळलं नाही, तर लोक तीन तास हिच्यासाठी का बसतील? त्यांच्या घरी खुर्च्या नाहीत का?”

त्या वर्षीच्या नाटकात नायिका लाँड्रीत इस्त्री करणारी मुलगी होती. बाकी सगळं लिहून झालं होतं, पण घोडं पेंड खात होतं ते हवंयच्या गाण्यापाशी. मास्तरांनी तिला आधी प्रियकर हवासा केला, मग गाडी, मग परदेश. तिन्ही कागद फाटले. एका दुपारी खोलीत दोघंच असताना त्यांनी एकदम विचारलं, “तुला काय हवंय ग?”

“मला? चहा.”

“थट्टा पुरे. खरं सांग.”

थोरली पियानोच्या पट्ट्यांवरची धूळ फडक्याने पुसत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “खोली हवी. आतून कडी असलेली. खिडकीपाशी एक खुर्ची. माझी. दुसऱ्या कुणाची नाही.”

मास्तर खिशातलं पत्राचं पाकीट काढून त्याच्या पाठीवर लिहीत सुटले. चहा आला तोवर दोन ओळी झाल्या होत्या:

*एक खोली हवी मला, आतून कडी असलेली,*
*एक खुर्ची खिडकीपाशी, कुणी न बसलेली.*

चाल तिच्याच गळ्यावर बसवली. मास्तर गुणगुणत, ती वाजवून गाऊन दाखवी, ते मान हलवत किंवा तोंड वाकडं करत. सूर काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा, धरला, कारण तिथून तिचा आवाज खालीही भरदार लागे आणि शेवटच्या ‘माझी, फक्त माझी’ला न ओढता वर पोचे. पाच वाजेपर्यंत गाणं उभं राहिलं. घरी जाताना थोरली जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली. दुकानदाराने मान वर करून विचारलंसुद्धा, “लॉटरी लागली की काय?”

आठ दिवसांनी मास्तरांनी नायिकेची भूमिका धाकटीला दिली.

“तू उभी राहिलीस तर पियानोवर कोण बसणार?” ते म्हणाले. थोरलीने नुसतं बघितलं. तेव्हा त्यांनी नजर चुकवली आणि खरं ते सांगितलं. “तू गायलीस की गाणं छान होतं. ती गायली की मुलगी दिसते.”

कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी तोंडात टाचण्या धरून हे ऐकत होत्या. मास्तर गेल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या. “आंबा तू लावलास, रस ती खाणार. उठून सांग ना तोंडावर, गाणं माझं आहे म्हणून.”

“माझं कुठे? लिहिलं त्यांनी.”

“मग जळ बसून,” मावशी म्हणाल्या आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.

आणि थोरली जळलीच. धाकटीचा सगळा रियाज तिच्याकडूनच करून घ्यायचा होता. रोज सकाळी त्या पियानोपाशी धाकटी उभी राही, थोरलीचाच जुना निळा स्वेटर घालून, आणि थोरलीची खोली, थोरलीची खुर्ची गाण्यातून मागत असे.

“ताई, ‘फक्त’च्या आधी श्वास घेऊ?”

“घे. पण भाजीची पिशवी उचलल्यासारखा घेऊ नकोस.”

“ताई, ‘कुणी न बसलेली’ किती छान आहे ना? मास्तरांना कसं सुचत असेल?”

थोरली म्हणाली, “पुन्हा सुरुवातीपासून.”

तिला बहिणीचा गळा तळहातासारखा माहीत होता. काळी एकमधून वरचं ‘माझी’ धाकटीला जेमतेम मिळे. त्याच्या वर आवाज चिरे. हे थोरलीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिथवर तिला कुणी नेलंच नव्हतं.

शिवाय धाकटीचं काही खरं नसे. एक दिवस बरी गाई, दुसऱ्या दिवशी नुसतीच सुरापुरती. रंगीत तालमीला तिने गाणं अगदी बेतास बात म्हटलं. मास्तर थोरलीला जिन्यात गाठून म्हणाले, “रविवारी दुपारी पहिला प्रयोग. हिने गाणं पाडलं, तर सोमवारपासून तू उभी राहा. पियानोला शाळेतल्या बाईंना विचारून ठेवलंय. बुधवारी मोठ्या कंपनीचे मालक बघायला यायचेत. त्यांच्यासमोर मला धोका नकोय.”

रविवारपर्यंतचे तीन दिवस थोरली बहिणीशी फार प्रेमाने वागली. तिला गरम पाणी दिलं, पलंगावर जास्त जागा दिली. धाकटी म्हणाली, “ताई, बरी आहेस ना?”

हवंयच्या गाण्याला साथ फक्त पियानोची होती. व्हायोलिनवाले काका त्या वेळी वाद्य मांडीवर ठेवून चष्मा पुसत. म्हणजे सूर बदलला तर बेसूर व्हायला दुसरं वाद्यच नव्हतं. चार मात्रांचा तुकडा पियानोने वाजवायचा, त्यावरून गाणारीने सूर उचलायचा. तो तुकडा कुठून वाजतो हे गाणारीला कळत नाही. ती दिलेल्या सुरावर पाय ठेवते आणि चालू लागते. मोठ्या भरवशाचं काम असतं ते.

रविवारी तीन वाजता नाट्यगृह पाऊण भरलं होतं. धाकटी इस्त्रीच्या टेबलामागून पुढे आली. थोरलीने हात उचलले आणि ते काळी एकवर न ठेवता काळी दोनवर ठेवले. एक पूर्ण सूर वर.

काकांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

पहिल्या ओळी निभावल्या. आवाज नेहमीपेक्षा पातळ लागत होता, पण लागत होता. ‘कुणी न बसलेली’ला धाकटीच्या गळ्याची शीर दिसू लागली. तिने एकदा पियानोकडे बघितलं. पुढचं कडवं आलं, मग शेवटची ओळ. धाकटीने श्वास घेतला, चांगला मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि वर गेली.

‘माझी’ला आवाज चिरला. कापड फाटावं तसा. धाकटी थांबली. ‘फक्त’ तिने म्हटलंच नाही. मग पुन्हा एकदा, चिरलेल्याच आवाजात, तोंड लपवायला जागा नसलेल्या माणसासारखी सगळ्यांकडे बघत, ती तोच सूर मागायला वर गेली. या वेळी तो अर्धा मिळाला.

थोरलीला तेव्हा दिसलं की स्वेटर, छत्री, पलंगाची उरलेली कड, यातलं एकही धाकटीला कोरं मिळालं नव्हतं. कुणी न बसलेली खुर्ची तिने जन्मात बघितली नव्हती. ती गाणं म्हणत नव्हती, मागत होती. हे कळून थोरलीला दया यायला हवी होती. तिला आणखीच जळफळाट झाला, कारण एवढं मागता तिला स्वतःला कधी आलं नव्हतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी ‘वन्स मोअर’ म्हणालं. मग सगळं नाट्यगृह म्हणू लागलं. बायका पदराने, रुमालाने डोळे टिपत होत्या. विंगेत मास्तरांनी दोन बोटं वर केली: पुन्हा.

थोरलीचे हात पट्ट्यांवर आले. आता काळी एकला उतरावं तर सगळ्यांना फरक कळणार. तिने पुन्हा काळी दोनच धरली.

मध्यंतरात काका जवळ आले. “पोरी, आज पियानो जिना चढला वाटतं?”

“हात घसरला, काका.”

“दोनदा घसरला,” काका म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मास्तरांनी तर तिचे दोन्ही हात हातात घेतले. “कुठून सुचलं तुला? मी महिनाभर डोकं फोडतोय की या गाण्यात कमी काय आहे. सूर हिच्या हाताला न लागणारा हवा होता. आता हाच सूर कायम.” करायला गेले काय आणि झालं काय, हे तिला सांगताही येईना.

प्रयोग संपल्यावर धाकटी रंगपटात आरशासमोर बसली होती. इतर बायका बाहेर गेल्यावर तिने आरशातूनच विचारलं, “ताई, मी पडावं म्हणून केलंस ना?”

थोरलीने दाराची कडी उगाच हलवून बघितली. “हो.”

धाकटी कापसाने गालावरचा रंग पुसत राहिली. “बुधवारीही तिथूनच वाजव,” ती म्हणाली. “आणि माझा श्वास ऐकू जाऊ दे.”

बुधवारी थोरलीने तिथूनच वाजवलं.

मोठ्या कंपनीचे मालक धाकटीला घेऊन गेले. त्यांनी पियानोवालीलाही बोलावलं होतं. थोरलीने आईची तब्येत पुढे केली. आई तेव्हा ठणठणीत होती, पुढे अठरा वर्षं यंत्र चालवत होती. मास्तरांनी आणखी चार नाटकं केली, पण तसं हवंयचं गाणं त्यांना परत सुचलं नाही. कुणाला तरी विचारायला हवं, हे बहुधा ते विसरले. काका शेवटपर्यंत कुणाला काही बोलले नाहीत. मावशी मात्र सगळ्यांना सांगत की धाकटीला घडवलं ते थोरलीने, आणि थोरलीला ते ऐकून घ्यावं लागे.

धाकटीने ते गाणं अकरा वर्षं म्हटलं. गाण्यांच्या पुस्तकात ते छापून आलं, वर ठळक लिहिलेलं: सूर, काळी दोन. थोरली पुढे शाळेत संगीत शिकवू लागली, आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या निवडीला कुणीतरी मुलगी तेच पान उघडून तिच्यासमोर ठेवी. तिने ते किती वेळा वाजवलं असेल, याची गणती नाही. ती स्वतः ते पुन्हा गायली नाही.

चाळिशीनंतर तिने स्वतःची खोली घेतली. आतून कडी आहे. खिडकीपाशी एक खुर्ची आहे, वेताची, दुकानातून कोरी आणलेली. धाकटीचा आवाज साठीच्या आधीच गेला. नवरा गेल्यावर ती याच गावात राहायला आली. दर गुरुवारी ती येते, चप्पल काढते आणि सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसते.

“ताई, वाजव ना. काळी एकमधून. आता तेवढंच पोचतं.”

थोरली पेटी पुढे ओढून वाजवते. धाकटी ओठांतल्या ओठांत म्हणते. “शेवटची ओळ तू म्हण,” असं ती दर वेळी सांगते, आणि शब्द आठवत नाहीत असं थोरली दर वेळी सांगते. ऊठ म्हणून मात्र ती अजून एकदाही म्हणालेली नाही. धाकटी घरी गेली की थोरली कडी लावते आणि खुर्चीवरची उशी उलटी करून ठेवते.