दिव्याखालची घोरपड

मी एक घोरपड आहे. दचकलात? माणसं दचकतातच, आणि मी त्यांना तेवढा वेळ देते. पण माझी जात छोटी. शेपटीच्या टोकापासून मोजलं तरी मी हातभराहून थोडीच जास्त भरते. शेपटी मात्र काटेरी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

आमचं मूळ ऑस्ट्रेलियातल्या तापलेल्या खडकांत. मी ते खडक कधी पाहिले नाहीत. माझं अंडं एका हौशी माणसाच्या घरी, उबवणीच्या पेटीत फुटलं. रानातून मला कुणी पकडून आणलेलं नाही. तिथून मी बहरीनच्या मनामा शहरातल्या रहिमतुल्लाच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात आले.

शेजारच्या पेटीत मोठ्या जातीच्या घोरपडीचं, पिवळ्या ठिपक्यांचं एक पिल्लू होतं. गिऱ्हाइकं त्याच्यावरच भाळायची. ते वाढून माणसाएवढं लांब होणार होतं, पण केवढं होणार हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

एक दिवस बापाबरोबर आलेली सुहा नावाची मुलगीही भाळली. "अब्बा, दॅट वन! सो क्यूट!"

तिचा बाप ताहिर रत्नागिरीकडचा, बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. तो वाकून म्हणाला, "बाय, असली मोठी झालेली मी गावच्या बांधावर बघितलीय. उद्या ती बेडरूम घेईल नि आपण दोघं बाल्कनीत."

रहिमतुल्ला हसला. "सही बोले भाई. फ्लॅट के लिए ये छोटीवाली लो. इससे बडी नहीं होती."

ताहिरने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने किंमत विचारली नाही.

"जीती कितने साल?"

"बराबर रखो तो पंधरा साल. बस, इसको गर्मी मंगता."

गर्मी! बहरीनमध्ये तिची काय वाण, असंच ताहिरला वाटलं असावं. त्याने मान हलवली आणि मी उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर आले.

त्याने वयच का विचारलं, ते मला तिथे कळलं. त्याची बायको नाझिश लांबलेल्या आजारानंतर सलमानिया इस्पितळातच कायमची गेली होती. सुहाला घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं होतं. बापाची अट एकच होती, लवकर जाणारं काही आणायचं नाही.

सुहाने माझं घर छान लावलं. खोल माती, सपाट दगड, वर प्रखर दिवा. नाझिशची बहीण जमीला पाहायला आली आणि म्हणाली, "दुल्हेभाई, पालीला एवढा थाट, नि आम्हाला साधा चहा पण नाय?" मी जीभ बाहेर काढली. बाई दोन पावलं मागे सरली.

जुलैत सुट्टी लागली आणि सुहा आठवडाभर जमीलाखालाकडे राहायला गेली. ताहिर दुपारी घरी आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी दिव्याखाली तोंड किंचित उघडून सुखात पडले होते.

"या अल्ला, किती तापलीय ही!" तो म्हणाला. त्याने दिवा बंद केला, एसी अगदी खाली आणला आणि त्याची पाती माझ्याकडे वळवली.

या बेटावर माया अशीच करतात. पाहुणा दारात आला की पाण्याआधी एसी वाढवतात. माझं मात्र उलट आहे. माझ्या अंगात माझी ऊब नसते, ती मला बाहेरून घ्यावी लागते. मी मातीत शिरले. किडे दिले, ते खाल्ले नाहीत. ताहिरला वाटलं, अजून उकडतंय. त्याने खिडकीला जाड पडदाही लावला.

सुहा आली तेव्हा मी काठीसारखी ताठ झाले होते.

"अब्बा, हू टर्न्ड ऑफ द लॅम्प?"

"मीच गो. तोंड उघडून पडली होती. तुझी अम्मी पण शेवटी तशीच... एसी जरा वाढवला की तिला बरं वाटायचं."

सुहाने मला मातीतून उकरून काढलं. मग घरात एरवी ती बोलत नसे त्या मराठीत म्हणाली, "अम्मीला थंड पायजे होतं, अब्बा. हिला नको."

तिने एसी बंद केला, दिवा लावला आणि मला दगडावर ठेवलं. ताहिर पेटीसमोर फरशीवर बसला. घामाच्या धारा लागल्या, तरी उठला नाही.

"गेली काय गो?"

मी कुठे जातेय? दगड तापला, पोट तापलं. आधी एक बोट हललं, मग डोळा उघडला. ताहिरने काच सरकवून हात आत घातला आणि माझ्यापुढे तसाच धरला. मी जीभ लावून पाहिली. घामाची चव, नव्या कापडाचा वास.

"सुहा," तो कुजबुजला, "चाटतेय."

मग तो रडला. मी दुसरीकडे पाहिलं.

आता मी धडधाकट आहे, रातकिडे फस्त करते. ताहिर कामावरून आला की एसीचा रिमोट उचलायच्या आधी माझ्या दगडाला हात लावतो. आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसाच. मग नाझिशबद्दल काहीबाही सांगतो. आधी सुहा दारात उभी राहून ऐकायची. हल्ली ती आत येऊन बसते.

तुम्ही माझ्यासारखी कुणी घरी नेणार असाल, तर ती वाढून केवढी होणार ते विचारा. तिला काय हवं तेही विचारा. तुम्हाला जे सुखाचं, ते तिलाही सुखाचं असेल असं धरून चालू नका.

आणि ताहिर, तू त्या दुकानात विचारलेला प्रश्न मला आठवतोय. माझी बरीच वर्षं बाकी आहेत. बस निवांत.