क्लचवरचा पाय

चालू ट्रॅक्टरच्या मागे हात घालू नये, हे पंजाबात मानसा गावाकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गहू मळणीला आला की सगळं शहाणपण चुलीत जातं. नछत्तर सिंगच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी कधीच मेली होती. सकाळी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून एकदा चालू केला की दिवसभर बंद करायचा नाही. बंद करायची तारही तुटलेली. इंजिनात हात घालून एक लहानशी दांडी ओढली तरच तो थांबायचा, आणि ती नछत्तरशिवाय कुणाला सापडायची नाही.

त्या दुपारी थ्रेशर मध्येच थांबला. ट्रॅक्टरच्या पाठीतून थ्रेशर फिरवणारा जो शाफ्ट निघतो, त्या पीटीओच्या जोडातली पिन तुटली होती. पीटीओचा खटकाही झिजलेला, काढला तरी आपोआप परत पडून शाफ्ट फिरायला लागायचा. म्हणून नछत्तरने बायकोला, छिंदर कौरला, सीटवर बसवून क्लच तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः शाफ्टखाली शिरला.

क्लच म्हणजे दगड नुसता. थोड्याच वेळात छिंदरची मांडी लटलट कापायला लागली. तिने दात-ओठ खाल्ले, तरी पाय बोटभर वर आलाच. शाफ्टने अर्धा वेढा घेतला. नछत्तरच्या डोक्याचं फडकं त्यात गेलं, फडक्यामागून केसांचा बुचडा गेला, आणि त्याचा गाल लोखंडाला जाऊन चिकटला. एक हात अंगाखाली अडकला.

"छिंदो," तो म्हणाला, "पाय."

तिने दोन्ही पाय क्लचवर रोवले, स्टिअरिंगला मिठी मारली. आता पाय सुटला तर नवरा डोळ्यांदेखत जाईल, तोही आपल्याच पायाने. तिला रडूसुद्धा येईना.

सासू, बेबे, पलीकडे विळ्याने बांधावरचं गवत कापत होती. छिंदरने बोंब ठोकली तशी म्हातारी धावत आली. छिंदरने तिला दांडीचं सांगितलं. बेबेने इंजिनात हात घातला, पोळून घेतला, आणि हाताला लागलं ते ओढलं. इंजिन थांबायचं सोडून डरकाळ्या फोडायला लागलं. सगळा ट्रॅक्टर थरथरला. छिंदरचे पाय पुन्हा केसभर वर आले आणि नछत्तर पहिल्यांदाच ओरडला.

बेबे विळा घेऊन मागे गेली. तिचा बेत नछत्तरला कळला.

"बेबे, केसांना हात लावू नकोस. तुला गुरूची आण आहे."

जन्मल्यापासून त्या केसांना कात्री शिवली नव्हती. लग्न होईपर्यंत दर रविवारी ते बेबेनेच ताकाने धुतले होते.

"आण माझ्या माथी," बेबे म्हणाली. "तू मान हलवू नकोस."

विळा करकरत चालला. एकदाचा नछत्तर मागे पडला, रांगत बाहेर आला. बोडक्या डोक्याने, कानाजवळ रक्त घेऊन तो सीटपाशी उभा राहिला आणि सोड म्हणाला. छिंदरने ऐकलं, पण पाय तिचे राहिलेच नव्हते. शेवटी त्यानेच ते दोन्ही हातांनी धरून क्लचवरून उचलले. शाफ्ट सुसाट फिरायला लागला आणि त्याच्यावरचा बुचडा गरगरू लागला.

आणि बेबे, जिचा हात विळा चालवताना जरासुद्धा कापला नव्हता, ती ते केस काढायला फिरत्या शाफ्टकडे हात लांबवून निघाली. छिंदरला दिसलं. तिने वरूनच स्वतःला म्हातारीच्या अंगावर लोटून दिलं. दोघी भुसात पडल्या.

नछत्तरने दांडी ओढली. ट्रॅक्टर थांबला.

"सोड गं," बेबे खालून म्हणत होती. "माझ्या लेकाचे केस आहेत ते."

छिंदरने तिला सोडलं नाही. घट्ट धरून ठेवलं, आणि आता कुठे तिला रडू फुटलं.