वस्तरा लावू का?

"मान सरळ ठेव. फौजेत एवढंही शिकवलं नाही का?" आईने मुलाच्या टाळक्यावर टपली मारली आणि पाण्याचा फवारा उडवला.

नवरा गेल्यावर दुकानातला वस्तरा तिनेच उचलला, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. आता हसणाऱ्यांच्याच दाढ्या ती करते. नवऱ्याचा एक नियम मात्र तिने मोडला नाही. पातं टेकवण्याआधी "लावू का?" म्हणून विचारायचं, आणि गिऱ्हाईक तोंडाने हो म्हणाल्याशिवाय हात चालवायचा नाही.

बाकावर फौजेचा डॉक्टर बसला होता, मांडीवर संगणकाचा चपटा पडदा घेऊन. बोलणं इतकं गुळचट की तिला पहिल्या वाक्यालाच संशय आला. मुलाच्या कानामागे बटणाएवढा टणक उंचवटा होता. तो याच डॉक्टरने वर्षापूर्वी बसवलेला. आज त्याहून मोठं यंत्र बसवायचं होतं, त्यासाठी डोकं सफाचट हवं होतं. आणि वस्तरा आईच लावेल, असा हट्ट मुलाने धरला होता.

"करतं तरी काय रे हे?"

"मी छावणीत बसून मनात आणलं की तिकडे विमान वळतं. बिनमाणसाचं."

"आणि गोळी?"

"तीही."

"मनात काय, वाट्टेल ते येतं! तुझ्या बापाचा मी मनात दिवसातून दहादा मुडदा पाडायची. मेला तो तापाने."

मुलगा हसला नाही. "मागच्या महिन्यात मी अजून ठरवतच होतो, आई. तोवर सुटली."

"समोर कोण होतं?"

त्याने आरशातून डॉक्टरकडे पाहिलं.

"काकू, म्हणून तर नवीन बसवतोय," डॉक्टर म्हणाला. "चुका कमी होतील. आणि तो स्वतःच्या मर्जीने तयार झालाय."

"ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याची मर्जी मला नका सांगू."

तिने कात्रीने केस उतरवले, फेस चोळला, वस्तरा उघडला. "लावू का?"

मुलगा गप्प.

"अरे, लावू का?"

"हो म्हटलं ना."

"कधी?"

"आत्ताच की." मग त्याचा त्यालाच धक्का बसला. त्याचे ओठ हललेच नव्हते.

डॉक्टरने पडदा पुढे केला. "बघा, हिरवा दिवा. होकार आलाय त्याचा."

"तुमच्याकडे आला असेल. माझ्या दुकानात होकार तोंडाने येतो." तिने पडद्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आणि हा होकार याच्या आतून निघाला, की तुमच्या बटणाने आत घातला, हे कोण सांगणार? तुम्हीच?"

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. ती उभीच राहिली, हात वर धरून. फेस वाळायला लागला, कडेने तडकला.

"आई," मुलाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड आला. "थांब."

दिवा हिरवाच होता. डॉक्टरने पडद्यावर नखाने टकटक केलं. तरी हिरवाच.

तिने वस्तरा मिटला आणि टॉवेलने त्याचं डोकं पुसलं.

"हरकत नाही," डॉक्टर उठला. गुळचटपणा बाकावरच राहिला. "छावणीत आमची माणसं आहेत. ती करतील."

"करतील की. ती विचारत नसतील."

मुलगा खुर्चीतून उठला. हुकूम आला की उठायचं, हे मात्र त्याला पक्कं शिकवलेलं होतं. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि बाहेर उभ्या असलेल्या फौजेच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला.

कानामागे थोडा फेस राहिला होता. ती टॉवेल घेऊन धावली, पण काच वर गेलेली होती. तिने बोटाने आपल्या कानामागे दाखवलं. त्याने हात उचलला, फेस पुसला. गाडी निघाली.

दुकानात येऊन ती खुर्ची पुसायला लागली. "हात त्याचा त्यानेच उचलला," ती मोठ्याने म्हणाली. दुकानात कोणीच नव्हतं. खुर्ची स्वच्छ झाली, तेव्हा तिने पुन्हा तेच म्हटलं, या खेपेला जरा हळू.